घरातलं कॉकपिट आणि आपली घाई

पहिल्या घटक चाचणीनंतरची पालकसभा होती. सगळे पालक गेल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, “सर, मार्कांचं नंतर बोलू. आधी एकदा घरी येऊन तो पसारा बघा. आमची पुढची खोली त्याने खाल्लीय.”

मुलगा नववीतला, माझ्याच वर्गातला. सिडकोत दोन खोल्यांचं घर. रविवारी गेलो. पुढच्या खोलीतला दिवाण भिंतीला उभा करून ठेवलेला आणि त्याच्या जागी बारा मिलिमीटर प्लायचा एक सांगाडा. समोर फळी, फळीला सहा गोल भोकं, त्यातल्या दोनच भोकांत काटे. खाली दाराच्या बिजागऱ्यांवर बसवलेली दोन पेडल. बसायला ऑफिसातली जुनी खुर्ची, चाकं काढून टाकलेली. फळीच्या वर मामाने दिलेला जुना मॉनिटर आणि त्यावर ओझर विमानतळाची धावपट्टी. सांगाड्याच्या एका कोपऱ्यावर पंचा वाळत घातला होता. “दुसरी जागाच नाही,” ताई म्हणाल्या.

त्यांची अपेक्षा अशी की सरांनी पोराला चार शब्द सुनवावेत आणि दिवाण पुन्हा आडवा व्हावा. मीही साधारण त्याच तयारीने गेलो होतो. तसं झालं नाही. का झालं नाही ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न आता त्या एका घरापुरता नाही. माझ्या ओळखीच्या तीन-चार शिक्षकांनी हेच विचारलंय. मोबाइलवरच्या व्हिडिओत मुलं बघतात की कोणीतरी घरात अख्खं कॉकपिट उभं केलंय, आणि मग मागणी सुरू होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा छंद मुलांना जरूर करू द्यावा. पण बांधू द्यावा, विकत आणून देऊ नये. आणि बांधताना मूल जिथे अडतं तिथे त्याला पोटभर अडू द्यावं. आपण मोठी माणसं नेमकी तिथेच घाई करतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिम्युलेटर म्हणजे विमान उडवण्याचा आभास देणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. ‘फ्लाइटगिअर’ नावाचा असा प्रोग्रॅम पूर्ण फुकट आणि मुक्त आहे. त्यात सेसना १७२ हे चार आसनी छोटं विमान मिळतं, ज्यावर जगभरातले असंख्य वैमानिक पहिले धडे गिरवतात. कीबोर्डवर ते उडवता येतं, पण मजा येत नाही. म्हणून लोक खरी दांडी, खरी पेडल, खरे खटके, खरे काटे तयार करतात आणि कॉम्प्युटरला जोडतात. मध्ये दुभाषा म्हणून अर्डुइनोसारखा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. पेडल किती दाबलं हे तो कॉम्प्युटरला सांगतो, आणि विमान किती उंच गेलं हे कॉम्प्युटरकडून ऐकून काटा फिरवतो. एवढंच.

हे पोरखेळ वाटत असेल तर सिम्युलेटरचा जन्म कुठे झाला ते बघा. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. वडिलांचा कारखाना ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा. विमान शिकायची हौस दांडगी, पण शिकवणीचे तास परवडेनात. मग त्याने कारखान्यातलेच भाते, पंप आणि झडपा घेतल्या आणि १९२९ च्या सुमारास एक ठेंगणं लाकडी विमान बनवलं. दांडी हलवली की भात्यांत हवा भरायची किंवा निघायची आणि ते जागच्या जागी कलायचं, वळायचं. आपल्या पेटीचा भाता आठवा. तेच तत्त्व. पहिली काही वर्षं हे यंत्र विकत घेतलं ते जत्रा-करमणुकीच्या बागांनी. १९३४ साली अमेरिकी लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून न्यायची जबाबदारी आली आणि खराब हवामानात, रात्री, काहीच दिसत नसताना उडताना वैमानिक मरायला लागले. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांनी त्याच निळ्या खोक्यात बसून ढगातून उडण्याचा सराव केला.

हाताशी पेटीचे भाते होते म्हणून भात्यांचं झालं. आमच्या पठ्ठ्याच्या हाताशी बिजागऱ्या होत्या.

आणि नाशिकच्या मुलाला विमानाचं वेड लागलं तर त्यात नवल काय? ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग-२१ तिथे बनली, मग मिग-२७, मग सुखोई-३०. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या नव्या जोडणी साखळीतलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. इकडे गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे. नाशिकरोड-उपनगर भागातल्या शाळांत तास चालू असताना डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं नाही असा आठवडा जात नाही. आवाज आला की मुलं खिडकीकडे बघतात, आणि आपण काय करतो? “लक्ष इकडे!” म्हणतो. मीही इतकी वर्षं तेच म्हणत आलो. त्या हेलिकॉप्टरवर ‘गतीचे नियम’ हा नववीचा पहिलाच धडा शिकवता आला असता, हे मला त्या रविवारी दिवाणाच्या जागेवर बसून सुचलं.

या मुलाचे आजोबा ओझरच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा ते टीव्हीसमोर अर्धा दिवस काही न बोलता बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. नातवाच्या खटाटोपाला त्यांनी हात लावला तो तेव्हापासून, असं सून सांगते.

आता त्या पेडलांची गोष्ट. जरा तपशिलात सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या पेडलांत आहे.

पेडल किती दाबलं ते मोजायला पोटेन्शिओमीटर लागतो. जुन्या रेडिओचं आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, तेच. एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळतं. ते साधारण २७० अंश फिरतं. अर्डुइनो त्या फिरण्याचे शून्य ते १०२३ असे आकडे करतो. मुलाने बटणाची दांडी सरळ पेडलच्या बिजागरीला जोडली. विमान जमिनीवर सरळ धावेना. पाय किंचित हलवला की नाक झटक्याने डावीकडे, मग झटक्याने उजवीकडे. चार दिवस त्याला वाटत होतं प्रोग्रॅम बिघडलाय. पुन्हा टाकला. तेच.

मग त्याने आकडे वहीत लिहायला घेतले. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते तो दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोठा. पेडल पूर्ण दाबलं तरी बटण जेमतेम ४५ अंश फिरत होतं. ४५ म्हणजे २७० चा सहावा भाग. १०२३ आकड्यांपैकी त्याच्या वाट्याला आले १७०. त्याने इंटरनेटवर बघून प्रोग्रॅममध्ये एक ओळ टाकली, की हे १७० आकडे ताणून शून्य ते १०२३ कर. ताणले. विमान तरीही झटके देतच होतं. “सर, आता आकडा १०२३ पर्यंत जातो, पण मधले आकडे येतच नाहीत. सहा-सहाच्या उड्या मारतो.”

मी गणित-विज्ञान शिकवतो. मोजमापाचा लघुत्तम अंश म्हणजे काय, हे व्हर्निअर कॅलिपर दाखवून कित्येक वर्षं शिकवलंय. मुलं व्याख्या पाठ करतात आणि पेपरात लिहितात. पण मोजताना जो तपशील सुटला, तो नंतर आकडे ताणून परत मिळत नाही, हे वाक्य माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. हा ते आपल्या शब्दांत सांगत होता, आणि वैतागून सांगत होता. पाठ केलेलं सांगताना कोणी वैतागत नाही.

इलाज आजोबांनी सुचवला. अर्धाच. “बटण जास्त फिरव,” एवढंच म्हणाले. कसं फिरवायचं ते सांगितलं नाही. भंगारातल्या एका प्रिंटरमधून दोन दातेरी चाकं निघाली, एकाचे दाते दुसऱ्याच्या पाचपट. मोठं पेडलला, छोटं बटणाला. आता पेडल ४५ अंश गेलं की बटण २२५ अंश फिरतं, आणि आकडे मिळतात साडेआठशेच्या आसपास. विमान सरळ धावलं. दोन दिवसांनी नवीन तक्रार, पेडल सोडलं की मधोमध परत येत नाही, कधी डावीकडे राहतं कधी उजवीकडे. आजोबांनी चाक हलवून बघितलं आणि म्हणाले, “दात्यांत प्ले आहे.” त्यावर मग स्प्रिंग आली. स्प्रिंग फार कडक झाली म्हणून दुसरी आली. या सगळ्यात दीड महिना गेला.

दीड महिना, एका पेडलमागे! तयार पेडल कुरिअरने तीन दिवसांत येतात. दांडी, पेडल असा बरा संच घ्यायचा तर वीस-पंचवीस हजार आणि वर कितीही. माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तसा संच वाढदिवसाला आणून दिलाही. चांगली गोष्ट आहे, ज्याला उडवण्याचा सरावच करायचाय त्याच्यासाठी तो योग्यच. पण त्या मुलाला मी विचारलं, की पेडलला कॉम्प्युटरशी बोलायला कसं जमतं? तो म्हणाला, “यूएसबीने.” उत्तर चूक नाही. तीन आठवड्यांनी संच खोक्यात परत गेला. वडिलांचं म्हणणं, हल्लीच्या मुलांना कशातच टिकाव नाही. अहो, टिकायला तिथे काही अडायला तर हवं!

दुसरा प्रसंग उंचीमापीचा. फळीतला एक काटा उंची दाखवतो. मुलाने काटा शून्यावर चिकटवला, विमान ओझरच्या धावपट्टीवर उभं केलं आणि प्रोग्रॅम चालू केला. काटा उडाला आणि एकोणीसशे फुटांच्या आसपास जाऊन थांबला. विमान जमिनीवर आणि उंची एकोणीसशे! दोन दिवस त्याने वायरी तपासल्या. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला गाठलं. मी फक्त विचारलं, “उंची कशापासून मोजतात?” क्षणभर गप्प. मग कपाळावर हात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, हे त्याला तोंडपाठ होतं. भूगोलात होतं ना. ते विज्ञानातल्या काट्यावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं.

तिथून आम्ही कुठल्या कुठे गेलो. विमानाचा उंचीमापी प्रत्यक्षात उंची मोजतच नाही, हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीला प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात. खालच्या थरांत साधारण तीस फूट वर गेलं की एक हेक्टोपास्कल कमी होतो. पण दाब तर रोज बदलतो, पावसाळ्यात कमी, थंडीत जास्त. म्हणून नियंत्रण कक्ष वैमानिकाला त्या वेळचा दाब सांगतो आणि वैमानिक यंत्राची कळ त्यावर लावतो. ती कळ दहा हेक्टोपास्कलने चुकली तर काटा सुमारे तीनशे फूट खोटं बोलणार. धुक्यात, डोंगराजवळ, तीनशे फूट! वर्गात मी हे फळ्यावर सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग सर, काट्यावर विश्वास ठेवायचा की नाही?” इतका चांगला प्रश्न त्या बाकावरून वर्षभरात आला नव्हता. तासाची घंटा झाली तरी वाद चालूच होता.

आणि तीन अंशांचं उतरणं. मोठी विमानं बहुतेक ठिकाणी तीन अंशांच्या कोनात उतरतात. नववीत त्रिकोणमितीची ओळख होते, दहावीला तिचा उपयोग येतो, आणि मुलं दीपस्तंभ, नाव आणि इमारतीची सावली यांच्या उदाहरणांना कंटाळलेली असतात. तीन अंशांच्या टॅनची किंमत ०.०५२४. एक सागरी मैल म्हणजे ६०७६ फूट. गुणा. मैलामागे ३१८ फूट खाली यायचं. ताशी ९० सागरी मैल वेग असेल तर मिनिटाला दीड मैल, म्हणजे मिनिटाला साधारण ४७५ फूट. मुलाने हा आकडा कागदावर काढला आणि मग फळीसमोर बसून तो धरायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात. पण आता आकडा चुकला की हात चुकला, याचा निकाल त्याला स्वतःला लावता येत होता. उत्तरपत्रिका तपासायला माझी गरज राहिली नव्हती.

हे सगळं ऐकून पालक विचारतात, “म्हणजे तो पायलट होईल?” नाही. निदान यामुळे नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे दोनशे तासांचं उड्डाण लागतं, आणि घरातल्या प्लायवर काढलेला एकही तास त्यात धरत नाहीत. शिवाय सिम्युलेटरवर तरबेज झालेली मुलं खऱ्या विमानात बाहेर बघायचं सोडून काट्यांकडेच बघत बसतात, अशी उड्डाण शिकवणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. वैद्यकीय तपासणी असते, फीचे लाखो रुपये असतात. ‘माझा मुलगा पायलट होणार’ अशी पाटी त्या सांगाड्यावर लावू नका. ती लावली की छंदाची स्पर्धा परीक्षा होते.

मग उपयोग काय? हाच प्रश्न आम्हाला विज्ञान प्रदर्शनातही ऐकावा लागला, आणि तिथे माझीही चूक आहे, ती सांगतो.

प्रदर्शनासाठी शाळेतून कॉकपिटची फळी न्यायचं ठरलं. मी मुलाला म्हणालो, “वायरी फार दिसतात रे. मागून वेलवेट पेपर लाव.” त्याने लावला. परीक्षक आले. समोर सुबक फळी, दोन हलणारे काटे. त्यांनी विचारलं, “याचा समाजाला उपयोग काय?” मुलगा गडबडला. त्याच्याकडे सांगण्यासारखं जे होतं ते सगळं वेलवेट पेपरच्या मागे होतं, आणि वहीत, जी मी ‘खाडाखोड फार आहे’ म्हणून टेबलावर ठेवू दिली नव्हती. शेजारच्या टेबलावर बाजारातून आणलेल्या किटचा ‘स्मार्ट’ काहीतरी प्रकल्प होता, दिवे लुकलुकत होते. त्याला बक्षीस मिळालं. परीक्षकांना दोष देऊन काय उपयोग? त्यांना दहा मिनिटांत वीस टेबलं बघायची होती. बघण्यासारखं झाकून ठेवलं ते मी.

तेव्हापासून माझी आपल्या सगळ्यांकडे एकच मागणी आहे. प्रदर्शनात वहीला गुण द्या. काय केलं, काय बिघडलं, कशावरून कळलं, मग काय बदललं, याची तारीखवार, खाडाखोडीसकट वही. जो प्रकल्प आईवडिलांनी किंवा दुकानदाराने केलाय त्याची अशी वही तयार करता येत नाही. केली तरी दोन प्रश्नांत उघडी पडते.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो. या छंदात अनेक घरी मुलगा निमित्त असतो आणि हौस बाबांची असते. बाबा सोल्डरिंग करतात, पोरगं टॉर्च धरतं. असू दे, टॉर्च धरणंही वाईट नाही, आपण सगळे तसेच शिकलो. पण महिनाभरानंतरही टॉर्च त्याच्याच हातात असेल तर जरा थांबा. आमच्या या आजोबांकडून शिकण्यासारखं तेच. चाळीस वर्षं हातात कानस धरलेला माणूस पाच मिनिटांत ते पेडल सरळ करून देऊ शकला असता. तो अर्धं वाक्य बोलून गप्प बसला.

एका बाबतीत मात्र गप्प बसायचं नाही, ते म्हणजे वीज. मुलांचं सगळं काम पाच व्होल्टवर चालतं, यूएसबीच्या वायरीवर. तेवढ्यावरच चालू द्या. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय उघडून आतून वीज काढायचे व्हिडिओ सर्रास फिरतात. तो डबा मुलांनी उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार काही काळ राहतो. सोल्डरिंग खिडकीजवळ, डोळ्यांना चष्मा, नंतर साबणाने हात. प्लाय कापताना मोठं माणूस सोबत. इथे घाई नको आणि भिडही नको.

अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा आसनी खरं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि वाहवा झाली. त्याआधीची कित्येक वर्षं गच्चीवर गेली होती, आणि त्यानंतर नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. खऱ्या विमानाला सरकारची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी, चूक झाली तर जीव जातो. घरातल्या फळीला कुणाची परवानगी लागत नाही. विमान शेतात उतरलं तर पुन्हा धावपट्टीवर उभं करायचं. चुकण्याची एवढी स्वस्त सोय आपण मुलांना दुसरीकडे कुठे देतो? परीक्षेत तर नाहीच.

राहिला पैशांचा आणि जागेचा मुद्दा, आणि तो खोटा नाही. या घरात आजोबा होते, मामाचा मॉनिटर होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे अभ्यासाला कोपरासुद्धा नाही. प्रत्येकाने घरी कॉकपिट बांधावं असं मी म्हटलं तर तो आगाऊपणा होईल. म्हणून माझं म्हणणं, एक फळी शाळेत उभी करा. ज्या शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाली आहे तिथे अर्डुइनो, मोटारी, काटे फिरवायचे सर्व्हो आधीच आहेत. अनेक ठिकाणी ते कपाटात, पाहुणे आले की बाहेर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेत. त्या दहा दिवसांत चाळीस मुलांनी मिळून एक फळी करायला काय हरकत आहे? सुतारकाम करणारे वेगळे, वायरी जोडणारे वेगळे, प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे.

आमच्या वर्गातल्या मुलींनी त्यातलं एक काम आपणहून उचललं, ते म्हणजे चेकलिस्ट. उड्डाणाआधी वैमानिक यादी वाचून एकेक गोष्ट तपासतात. ही पद्धत रुजली ती एका अपघातातून. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान चाचणीत कोसळलं, कारण जमिनीवर असताना शेपटीची हलणारी पाती अडकवून ठेवणारं कुलूप काढायचंच राहिलं होतं. उडवणारा कसलेला वैमानिक होता. त्यानंतर यादी आली. मुलींनी सेसनाची यादी मराठीत केली. “इंधन?” “दोन्ही टाक्या चालू.” “पेडल?” “मोकळी.” “उंचीमापी?” “ओझर, एकोणीसशे.” एकीने विचारायचं, दुसरीने हात लावून उत्तर द्यायचं. हात न लावता उत्तर दिलं तर पुन्हा पहिल्यापासून. गंमत म्हणजे त्यातल्या दोघींनी तीच पद्धत गणिताच्या पेपरला लावली, शेवटची पाच मिनिटं. एकक लिहिलं? चिन्ह बघितलं? मी सांगितलेलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं ‘पेपर पुन्हा तपासा’ म्हणतो, आणि कोणी तपासत नाही.

सिडकोतल्या त्या ताईंशी शेवटी तडजोड झाली ती अशी. शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी पाऊण तास. चाचणीच्या आधीचा आठवडा फळी बंद. सांगाड्याला बिजागऱ्या लावून तो भिंतीला दुमडता येईल असा करायचा, म्हणजे रात्री दिवाण आडवा होईल. हे दुमडणं त्यानेच बसवलं आणि त्यात पेडलचं माप पुन्हा चुकलं, ती कथा वेगळी. दुसऱ्या चाचणीत विज्ञानाचे गुण वाढले, मराठीचे होते तेवढेच राहिले. कॉकपिटमुळे गुण वाढले असं मी म्हणणार नाही. घरी दोन भेटी झाल्या आणि मुलगा माझ्याशी बोलायला लागला, त्याचाही हात असेल.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो होतो. आता चार काटे झालेत. त्यातला चढ-उताराचा दर दाखवणारा काटा सारखा थरथरतो, विमान जमिनीवर उभं असलं तरी. मुलाचा संशय प्रोग्रॅमवर आहे. आजोबांचा स्क्रूवर. मला वाटतं चारही मोटारी एकाच यूएसबीच्या विजेवर चालतात आणि ती पुरत नाही. वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्यावा लागेल आणि दोन्हींची ग्राउंड वायर एकत्र जोडावी लागेल. धाराविद्युतचा धडा पुढच्या आठवड्यात वर्गात सुरू होतोय. मी अजून त्याला काही बोललेलो नाही. निघताना बघितलं तर ताई कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या दारातून यादी वाचत होत्या, “इंधन?” आणि आतून उत्तर आलं, “हात लावून सांगतो, थांब.”